तिकिटाचे पैसे गेले, आता दाद कुठे मागायची?

या वेळची बहुतेक पत्रं तिकिटांबद्दलची आहेत. कुणी हेलिकॉप्टरचं काढलं, कुणी कॉन्सर्टचं, कुणी रेल्वेचं रद्द करायला गेलं. पैसे परत मिळतील का, हा सगळ्यांचाच प्रश्न आहे, पण त्याला एकच उत्तर नाही. पैसे कार्डाने गेले, यूपीआयने गेले की कुणी परस्पर खात्यातून काढले, यावर पुढची वाट ठरते. शिवाय बँकेला आणि पोलिसांना तुम्ही किती लवकर कळवलंत, यावर बरंच काही अवलंबून असतं. ‘तुम्हीच पैसे पाठवले, आता काही होणार नाही’ असं काउंटरवर ऐकून परत फिरलेले लोक मी फार पाहिले आहेत. त्यांच्यातल्या अनेकांना दाद मागता आली असती.

केदारनाथला जायला आम्ही चौघांनी फेसबुकवरच्या जाहिरातीतून हेलिकॉप्टरची तिकिटं काढली. व्हॉट्सॲपवर तिकिटाची पीडीएफ आली. त्यांनी आधार कार्डांचे फोटो घेतले आणि यूपीआयने दोनदा मिळून २७,६०० रुपये गेले. आता ‘विम्याचे’ म्हणून आणखी आठ हजार मागत आहेत. चार दिवस झाले. आता तक्रार करून उपयोग आहे का? (नाशिक)

आहे. हे वाचत असाल तर आधी १९३० ला फोन लावा आणि मग पुढचं वाचा. ते आठ हजार देऊ नका. मात्र त्यांना ‘पोलिसांत जातो’ म्हणून दमही देऊ नका आणि नंबर इतक्यात ब्लॉकही करू नका. त्याआधी सगळ्या गप्पा, पीडीएफ, जाहिरात आणि संकेतस्थळाचा पत्ता यांचे स्क्रीनशॉट घेऊन ठेवा. संशय आला की ही मंडळी सगळं पुसून टाकतात.

१९३० ही केंद्रीय गृह मंत्रालयाची सायबर फसवणुकीसाठीची मदतवाहिनी आहे. तुमची माहिती तिथे नोंदली गेली की पैसे ज्या खात्यात पडले त्या बँकेला सूचना जाते आणि शिल्लक असेल तेवढी रक्कम अडवली जाते. रक्कम पुढे सरकली असेल तर सूचनाही पुढच्या बँकेला जाते. ही खाती बहुधा भामट्यांच्या नावावर नसतात. चार-पाच हजारांच्या आमिषाने कुणाकडून तरी वापरायला घेतलेली असतात. पैसे एका खात्यातून तीन-चार खात्यांत जातात आणि तिथून एटीएममधून रोख निघतात. म्हणून पहिले काही तास मोलाचे. चार दिवसांनी पूर्ण रक्कम सापडण्याची शक्यता कमी, हे खरं सांगायला हवं. पण त्याच खात्याविरुद्ध दुसऱ्या कुणी आधीच तक्रार केली असेल तर तिथे काही रक्कम अडकून पडलेली असू शकते आणि तुमची तक्रार नसेल तर तिच्यावर तुमचा दावाच राहत नाही.

फोनवर व्यवहाराचा क्रमांक विचारतील तेव्हा बऱ्याच जणांची गफलत होते. फोनपेवर व्यवहार उघडला की ‘टी’ने सुरू होणारा लांबलचक क्रमांक दिसतो, तो ॲपचा स्वतःचा असतो. बँकेला हवा असतो त्याखालचा बारा आकडी यूटीआर, म्हणजे बँकांमधल्या व्यवहाराचा क्रमांक. गूगल पेवर ‘यूपीआय ट्रान्झॅक्शन आयडी’ म्हणून जो बारा आकडी क्रमांक दिसतो, तो द्या, गूगलचा वेगळा क्रमांक देऊ नका. तुमचे दोन व्यवहार आहेत, दोन्हींचे क्रमांक द्या. मग सायबरक्राइम डॉट जीओव्ही डॉट इन या संकेतस्थळावर तक्रार पूर्ण करा आणि पोचक्रमांक जपून ठेवा.

ही तक्रार म्हणजे एफआयआर नव्हे. तिची प्रत आणि बँकेचं स्टेटमेंट घेऊन जवळच्या पोलिस ठाण्यात जा. ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ असं सांगून ते तुम्हाला परत पाठवू शकत नाहीत. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार हद्द कुठलीही असली तरी माहिती नोंदवून घ्यावी लागते. तरी नकार मिळाला तर पोलिस अधीक्षकांना, शहरात असाल तर आयुक्तालयात लेखी कळवा आणि टपालाची पावती ठेवा.

रक्कम अडवली गेली तरी ती आपोआप तुमच्या खात्यात येत नाही. तपास अधिकाऱ्याला विचारून, गरज असेल तिथे त्याच संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करून ती मोकळी करून घ्यावी लागते. लोक इथेच थकतात, कारण हे कुणी त्यांना सांगितलेलंच नसतं. ‘माझ्या तक्रारीत किती रक्कम, कुठल्या बँकेत होल्ड आहे?’ हा नेमका प्रश्न लेखी विचारा.

चौघांचंही आधार बायोमेट्रिक लॉक करून टाका. आणि पुढच्या वेळेसाठी सांगतो, केदारनाथच्या हेलिकॉप्टरची ऑनलाइन तिकिटं २०२३ पासून आयआरसीटीसीच्या ‘हेलियात्रा’ संकेतस्थळावर मिळतात. तिथल्या जागा पाहता पाहता संपतात, आणि त्याच अगतिकतेवर या बनावट संकेतस्थळांचं पोट भरतं.

इन्स्टाग्रामवरून एका मोठ्या कॉन्सर्टची दोन तिकिटं घेतली. पेमेंट लिंकवर क्रेडिट कार्डाने २२,००० रुपये भरले. दारात स्कॅन केलं तर ‘तिकीट आधीच वापरलं गेलं आहे’. बँकेचं कॉल सेंटर म्हणतं, ओटीपी तुम्हीच टाकला, आता काही करता येत नाही. (पुणे)

कॉल सेंटरचं म्हणणं अर्धवट आहे. तुम्ही ‘फ्रॉड झाला’ म्हणालात, त्यांनी ओटीपी बरोबर पडलाय हे पाहिलं आणि तक्रार बंद केली. तुमची खरी तक्रार वेगळी आहे: व्यवहार मी केला, पैसे भरले, पण ज्यासाठी भरले ते मिळालं नाही. यासाठी कार्ड कंपन्यांची चार्जबॅक नावाची, म्हणजे भरलेले पैसे विकणाऱ्याकडून परत मागण्याची, स्वतंत्र व्यवस्था आहे. बँकेचा डिस्प्यूट फॉर्म मागा आणि त्यात ‘सेवा मिळाली नाही’ हे कारण लिहा. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या नियमांत अशा तक्रारीला साधारण १२० दिवसांची मुदत असते, पण काही बँका आपल्या ग्राहकांना त्याआधीच कळवायला सांगतात. म्हणून हा आठवडा जाऊ देऊ नका.

‘व्यवहार मी केलाच नाही’ असं चुकूनही लिहू नका. तो एक शब्द खोटा ठरला की बाकीची खरी तक्रारही बुडते. सोबत जाहिरात, गप्पा, तिकिटाची प्रत जोडा आणि आयोजकांना ईमेल करून ‘हे तिकीट वैध नव्हतं’ एवढं लेखी उत्तर मिळवा. माझ्या मते त्या एका ओळीला सगळ्यात जास्त वजन असतं. बँकेने रक्कम तात्पुरती जमा केली तरी निकाल लागेपर्यंत ती खर्चू नका, ती परत जाऊ शकते. डेबिट कार्डालाही ही सोय आहे. कुणा व्यक्तीच्या यूपीआयवर थेट पैसे पाठवले असते तर मात्र हा मार्ग नव्हता, मग वर नाशिककरांना सांगितलेलीच वाट.

जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर कोल्डप्लेचे कार्यक्रम झाले, तेव्हा अडीच हजारांपासून सुरू होणाऱ्या तिकिटांसाठी बाहेर लाखांच्या बोली लागल्या. तिकिटांच्या काळ्या बाजाराविरुद्धची जनहित याचिका मुंबई उच्च न्यायालयाने त्याच महिन्यात फेटाळली. कायदा करणं हे विधिमंडळाचं काम, अशी भूमिका होती. तो कायदा व्हायलाच हवा. पुनर्विक्रीला बंधन नसेल तोवर खरा विकणारा कोण आणि भामटा कोण, हे सामान्य माणसाने कसं ओळखायचं?

वडील ७१ वर्षांचे. रद्द केलेल्या रेल्वे तिकिटाचे पैसे आले नाहीत म्हणून गूगलवर मिळालेल्या ‘कस्टमर केअर’ला फोन केला. समोरच्याने एक ॲप घ्यायला लावलं आणि खात्यातून तीनदा मिळून ८६,००० गेले. तासाभरात आम्ही बँकेत होतो. मॅनेजर म्हणाले, ओटीपी तुम्हीच दिला असणार. वडील म्हणतात, मी कुणाला काही सांगितलं नाही. तेव्हापासून ते घरात कुणाशी नीट बोलत नाहीत. (कल्याण)

आधी वडिलांना एवढं सांगा की ते खरं बोलत असण्याची पूर्ण शक्यता आहे. स्क्रीन दाखवणारं किंवा मेसेज पुढे पाठवणारं ॲप एकदा फोनमध्ये शिरलं की ओटीपी तोंडाने सांगावाच लागत नाही. तो पलीकडे थेट वाचता येतो.

तुमचं प्रकरण वरच्या दोघांपेक्षा वेगळं आहे. त्यांनी स्वतः पैसे भरले, तुमच्या खात्यातून परस्पर काढले गेले. अशा अनधिकृत व्यवहारांबद्दल रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक आहे, सहकारी बँकांसाठी त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तसंच निघालं. चूक बँकेची नाही आणि ग्राहकाचीही नाही, अशा वेळी तीन कामकाजी दिवसांत कळवलं तर ग्राहकावर भार नाही. चार ते सात दिवसांत कळवलं तर साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त १०,००० रुपयांचा भार. ग्राहकाच्या निष्काळजीपणामुळे पैसे गेले असतील तर कळवेपर्यंतचं नुकसान त्याचं, पण कळवल्यानंतर गेलेला प्रत्येक रुपया बँकेचा. आणि ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर टाकलेला आहे. ‘दिला असणार’ हे सिद्ध करणं नव्हे.

म्हणून तोंडी बोलणं थांबवा. शाखेत लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेसह आवकचा शिक्का घ्या. त्यात मिनिटांसकट क्रम लिहा: फोन किती वाजता केला, पहिला मेसेज केव्हा आला, शाखेत किती वाजता पोचलात. मग विचारा: व्यवहार कुठल्या मोबाइलवरून झाला, नवं उपकरण केव्हा नोंदवलं गेलं, लाभार्थी केव्हा जोडला, सूचना कुठल्या नंबरवर गेली? नेहमी गॅस आणि वीजबिल भरणाऱ्या खात्यातून काही मिनिटांत तीन मोठ्या रकमा गेल्या तेव्हा बँकेच्या यंत्रणेला शंका का आली नाही, हेही लिहा.

ॲप आपणहून घेतलं हाच निष्काळजीपणा, असा युक्तिवाद बँक करणार. निकाल दोन्ही बाजूंनी लागतात, तेव्हा खात्री देत नाही. पण न्यायालयं ग्राहकाच्या बाजूने उभी राहिली आहेत. स्टेट बँकेच्या आसाममधल्या एका खातेदाराचे ऑनलाइन खरेदी परत करताना तोतया कस्टमर केअरच्या फोनवरून ९४ हजारांहून अधिक गेले होते. त्याने २४ तासांत कळवलं होतं. गुवाहाटी उच्च न्यायालयाने बँकेला जबाबदार धरलं आणि जानेवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही तेच कायम ठेवलं. जून २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बँक ऑफ बडोदाला एका कंपनीचे ७६ लाखांहून अधिक रुपये परत करायला सांगितलं, तेही याच परिपत्रकाच्या आधारे.

तीस दिवसांत उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. शुल्क नाही, वकील लागत नाही. १९३० ची तक्रार केली नसेल तर तीही आजच करा. फोनमधलं ते ॲप काढण्याआधी त्याचा स्क्रीनशॉट घ्या, मग फोन पूर्ण रीसेट करा आणि पासवर्ड दुसऱ्या फोनवरून बदला.

तिकिटाचा परतावा ज्या खात्यातून किंवा कार्डाने पैसे भरले होते, तिथेच जातो. त्यासाठी कुणाला ॲप, पिन, ओटीपी काही लागत नाही. चौकशी १३९ वर करा.

जाता येत नव्हतं म्हणून माझं खरं तिकीट एका अनोळखी मुलाला विकलं. ६,५०० रुपये यूपीआयने आले. आता माझं अख्खं पगाराचं खातं गोठवलंय. (ठाणे)

त्या मुलाने दिलेले पैसे कुणाच्या तरी फसवणुकीतले होते आणि साखळीत तुमचं खातं आलं. बँकेकडून तीन गोष्टी लेखी घ्या: तक्रारीचा पोचक्रमांक, कुठल्या राज्यातलं कुठलं पोलिस ठाणं, आणि किती रक्कम वादात आहे. मग तिकीट, गप्पा, तिकीट हस्तांतरित केल्याचा पुरावा आणि ओळखपत्र त्या तपास अधिकाऱ्याला ईमेल आणि स्पीड पोस्ट दोन्हींनी पाठवा. सोबत मागणी करा की होल्ड फक्त ६,५०० वर ठेवावा. गोठवणूक पोलिसांच्या पत्रातल्या रकमेपुरतीच असावी, असं केरळ उच्च न्यायालयाने २०२३ मध्ये सांगितलं आहे. पगार अडकला असेल तर फार वाट न पाहता वकिलाकरवी न्यायालयात जा. ‘सेटल करू’ म्हणून परस्पर फोन आला तर कुणालाही पैसे पाठवू नका.

लंडन–मुंबई विमानाची तिकिटं आपल्याच लोकांच्या एका ग्रुपवरच्या एजंटकडून घेतली. निम्मे पैसे मी इथल्या त्याच्या खात्यात भरले, निम्मे पुण्यातल्या भावाने. पीएनआर रद्द निघाला. (लेस्टर)

दोन वाटा करा. तुम्ही ब्रिटनमधल्या खात्यातून ब्रिटनमधल्याच खात्यात पाठवलेली रक्कम ७ ऑक्टोबर २०२४ नंतरची असेल, तर तिथल्या नियमांनुसार अशा फसवणुकीत बँकेला ८५,००० पौंडांपर्यंत भरपाई द्यावी लागते. दावा तेरा महिन्यांत करायचा असतो, काही बँका शंभर पौंडांपर्यंत कापून घेतात. तेव्हा आधी तुमच्या बँकेला कळवा. भावाचे पैसे भारतातून गेले आहेत, तर १९३० ला तक्रार त्याने स्वतःच्या नावाने करायची. तुमच्या तक्रारीत त्याची रक्कम मिसळू नका.

तक्रार करून दोन महिने झाले. आता ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमची रक्कम सापडली, प्रोसेसिंगचे ४,९९९ भरा’ असा फोन येतो. माझं नाव, गेलेली रक्कम, तारीख सगळं बरोबर सांगतो. (कोल्हापूर)

ताई, एक रुपयाही भरू नका. ज्यांनी आधी लुटलं त्यांच्याकडेच तुमचा सगळा तपशील आहे. ते तो स्वतः वापरतात किंवा पुढे विकतात, म्हणून माहिती बरोबर निघाली तरी माणूस खरा ठरत नाही. पोलिस किंवा बँक परताव्यासाठी आगाऊ रक्कम मागत नाहीत. शंका वाटली तर त्याने दिलेल्या नंबरवर फोन करू नका, तुमची तक्रार जिथे आहे त्या ठाण्यात स्वतः जा किंवा संकेतस्थळावर पोचक्रमांक टाकून स्थिती पाहा. हा नवा नंबर, फोनची वेळ आणि त्याने पाठवलेला क्यूआर कोडही तपास अधिकाऱ्याला लेखी द्या आणि जुन्याच तक्रारीला जोडून घ्यायला सांगा. अशा फोनवर पैसे भरायला दिलेलं खातं अजून चालू असतं, त्यामुळे तपासाला त्याचा उपयोग होतो.