फायनलला (उतरण्याआधी धावपट्टीच्या रेषेत येण्याच्या शेवटच्या टप्प्याला) वळताना वेग ठीक असूनही विमान स्टॉल का होऊ शकतं, म्हणजे पंखांची उचल अचानक का कमी होऊ शकते?

कारण स्टॉल ठरतो तो पंख आणि समोरून येणारी हवा यांच्यातल्या कोनावर. छोट्या विमानांत हा कोन साधारण 15-16 अंशांपलीकडे गेला की स्टॉल, मग वेग काहीही असो. सरळ उड्डाणात 45 नॉट वेगाला स्टॉल होणारं विमान उंची राखून 60 अंश कलवलं, तर 64 नॉटच्या आसपासच स्टॉल होतं.

त्याहून घातक म्हणजे धावपट्टीची रेष ओलांडली म्हणून रडर (नाक डावी-उजवीकडे वळवणारं पायाचं नियंत्रण) दाबून नाक आत खेचणं. आतला पंख आधी स्टॉल होतो, विमान स्पिनमध्ये जातं, म्हणजे गरगर फिरत खाली कोसळतं, आणि तेवढ्या उंचीवर सावरायला जागाच नसते. कळकळीने सांगतो, रेष चुकली तर वळण घट्ट करू नका, गो-अराउंड करा, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर जा. त्यात कमीपणा अजिबात नाही.