फिल्टर केलेल्या रक्तात पांढऱ्या पेशी किती उरल्या हे सीबीसी मशीनवर कळेल का?

ताई, तुमच्या मुलीला थॅलेसेमिया आहे, तिला रक्त चढवावं लागतं, पिशवीवर ल्युकोरिड्यूस्ड (म्हणजे पांढऱ्या पेशी गाळून कमी केलेलं) लिहिलेलं असूनही मागच्या वेळी थंडी-ताप आला, म्हणून त्यातलं थोडं रक्त बाहेरच्या लॅबमध्ये सीबीसीला (रक्तपेशी मोजायची नेहमीची तपासणी) लावलं तर खरं काय ते कळेल का, असं तुम्ही विचारलंय. नाही कळणार. आणि पिशवीतून रक्त काढायला तर अजिबात जाऊ नका, आत जंतू जायची भीती असते.

मी कोल्हापुरात रक्तपेढीत टेक्निशियन आहे. नवीन होतो तेव्हा मी पण फिल्टर झालेल्या पिशवीचं सॅम्पल सीबीसीला लावलं होतं, ०.० आलं आणि मला वाटलं एकदम स्वच्छ. आमच्या मॅडमनी तिथंच कागदावर हिशोब घातला. मशीन हजारात आणि एकाच दशांशापर्यंत आकडा दाखवतंय, म्हणजे एका मायक्रोलिटरला ४९ पेशी असल्या तरी ०.० च छापणार, आणि २५० मिलीच्या पिशवीत त्या होतात सव्वा कोटीच्या आसपास. अमेरिकेतली मर्यादा पिशवीला ५० लाखांच्या आत आहे, युरोपात तर १० लाख, म्हणजे मायक्रोलिटरला फक्त ४. तो शून्य मी अजून विसरलो नाही.

जोतिबाच्या चैत्र यात्रेत सगळा डोंगर गुलालानं माखलेला असतो ना, त्यात कोरा पांढरा सदरा शोधायचा, तसलं हे काम. म्हणून नाजॉट चेंबर, म्हणजे पेशी मोजायची रेघा आखलेली काचपट्टी, वापरतात. नेहमीच्या न्यूबॉर चेंबरमध्ये जेमतेम ०.९ मायक्रोलिटर मावतं, नाजॉटमध्ये ५०. रक्त दहापट पातळ करायचं, त्या द्रावणानं तांबड्या पेशी फुटतात आणि पांढऱ्यांच्या केंद्राला रंग चढतो, मग ओला कागद ठेवलेल्या झाकणबंद डिशमध्ये चेंबर १०-१५ मिनिटं ठेवायचं म्हणजे पेशी तळाला बसतात, आणि मग मायक्रोस्कोपखाली एकेक पट्टी बघत जायचं. समजा अख्ख्या चेंबरमध्ये १० पेशी सापडल्या, तर मायक्रोलिटरला २ आणि पिशवीत ५ लाख. डोळे दुखतात, दोघांनी मोजलं तर आकडा थोडा वेगळा येतो, आणि सॅम्पल शिळं झालं तर पेशी विरघळून आकडा खोटाच कमी येतो, त्यामुळं ताजं असतानाच मोजावं लागतं. मोठ्या सेंटरमध्ये फ्लो सायटोमेट्री असते, त्यात डीएनएला चिकटणारा चमकणारा रंग घालतात आणि मोजलेले मणी सोबत सोडून त्यांच्या हिशोबात पेशी मोजतात, ते जास्त भरवशाचं.

पण प्रत्येक पिशवी सहसा मोजत नाहीत, निवडक पिशव्यांवर फिल्टरचं काम तपासतात. आणि फिल्टर कधीकधी फसतो पण, दात्याला सिकलसेलचा ट्रेट (आजार नाही, पण त्याचं एक जनुक) असेल तर तो तुंबतो नाहीतर पेशी नीट अडवत नाही.

आता मुलीच्या तापाचं. पेढीत एवढं विचारा की रक्त साठवायच्या आधीच फिल्टर केलं होतं का चढवताना बेडजवळ फिल्टर लावला. मला स्वतःला पहिलाच प्रकार पटतो, कारण पिशवी फ्रीजमध्ये पडून असताना पांढऱ्या पेशी ताप आणणारी रसायनं सोडत राहतात, आणि बेडजवळचा फिल्टर पेशी अडवतो पण ती रसायनं त्यातून पार जातात. ताप दुसऱ्या कारणानं पण येऊ शकतो, म्हणून पुढच्या वेळी थंडी वाजली की लगेच सिस्टरना सांगून रक्त थांबवायला लावा, आणि ती पिशवी टाकून न देता पेढीत परत पाठवायला सांगा, तपासायचं ते त्यातूनच तपासता येतं.