बॅकयार्डात आई-बाबांसाठी एडीयू: दोन लाखांत होईल का?

कॅलिफोर्नियात सनीव्हेलला बॅकयार्डात वेगळं उभं राहणारं एडीयू, म्हणजे मुख्य घराच्याच आवारातलं दुसरं छोटं घर, किचन-बाथरूमसकट, दोन लाख डॉलरमध्ये होईल का असं तुम्ही विचारलंय, तर माझं उत्तर नाही असंच आहे. तीन ते साडेतीन लाख धरून चाला. पण तुमच्या घरात दोन लाखांत आई-बाबांची नीट सोय होण्याचा दुसरा रस्ता आहे, तो शेवटी सांगते. आधी पैसे जातात कुठे ते बघू, कारण तुम्हाला मिळालेले दोन्ही आकडे, प्रीफॅबवाल्यांचे (कारखान्यात तयार केलेलं घर विकणाऱ्यांचे) 'एक लाख साठ हजारांपासून' आणि तुमच्या मित्राचा ४०० डॉलर स्क्वेअर फूट म्हणजे ५०० फुटांचे दोन लाख, हे दोन्ही हिशेब अर्धेच आहेत.

स्क्वेअर फुटाच्या हिशेबात गोची अशी आहे की लहान बांधलं म्हणून स्वस्त पडत नाही. खर्च खातात ते किचन, बाथरूम, सिव्हरची (सांडपाण्याच्या पाईपची) ट्रेंच म्हणजे खणायचा चर, इलेक्ट्रिकल पॅनेल, ड्रॉइंग्ज, इंजिनीअर आणि परमिट, आणि हे सगळं ४०० फुटांना जेवढं लागतं जवळपास तेवढंच ७४० फुटांना लागतं. वाढवलेली बेडरूम म्हणजे नुसत्या भिंती, जमीन आणि छप्पर, बांधकामातला सगळ्यात स्वस्त भाग. आम्ही सॅन होजेला बांधलं तेव्हा आणि नंतर ओळखीतल्या बऱ्याच जणांचे कोट बघितले त्यावरून सांगते, ४०० फुटांचं अडीच लाखांच्या पुढे जातं म्हणजे फुटाला साडेसहाशे, आणि ७४० फुटांचं दोन बेडरूमचं तीन लाख चाळीसच्या आसपास बसतं, म्हणजे फुटाला चारशे साठच्या आसपास. त्यामुळे कोणी नुसता फुटाचा भाव सांगितला की त्याला विचारा, यात ट्रेंच आहे का, पॅनेल आहे का, परमिट फी आहे का, सॉइल रिपोर्ट आहे का. बहुतेक वेळा नसतं.

खरा खर्च जमिनीत असतो आणि तो तुम्ही डिझायनरला एक डॉलर द्यायच्या आधी बघू शकता. सगळ्यात पहिलं सिव्हर. तुमच्या घराच्या बाजूला किंवा पुढे कुठेतरी क्लीनआऊटचं, म्हणजे सिव्हर साफ करायच्या तोंडाचं झाकण असेल, प्लंबरला बोलवून ते उघडायचं, टेप आत सोडायची आणि पाईपचा तळ जमिनीपासून किती खोल आहे ते मोजायचं. सिव्हरच्या पाईपला दर फुटाला पाव इंच उतार लागतो, म्हणजे एडीयूपासून जोडायच्या जागेपर्यंत ८० फूट अंतर असेल तर नुसत्या उताराचे २० इंच झाले, शिवाय एडीयूपाशी पाईप जमिनीखाली असायला हवा तो वेगळा. जुनी लाईन तिथे दोन फूटच खोल असेल आणि बॅकयार्ड रस्त्याच्या बाजूपेक्षा खाली असेल तर गणित बसत नाही, मग सांडपाणी वर ढकलणारा इजेक्टर पंप घालावा लागतो, तो पंप, त्याचा खड्डा, त्याची वायर, आणि पुढे कधीतरी तो बंद पडणार ही टांगती तलवार आयुष्यभराची. आमच्याकडे प्लंबरने टेप वर काढून आकडा सांगितला तेव्हा एडीयू मागच्या डाव्या कोपऱ्यातून उजवीकडे आणायचं ठरलं, डिझाईन अजून कागदावरही नव्हतं, म्हणून ते बदलायला काही पडलं नाही. जुन्या घरांत मातीच्या पाईपात झाडांची मुळं घुसलेली असतात, तेव्हा त्याच दिवशी कॅमेरा घालून रस्त्यापर्यंतची लाईन पण बघून घ्या.

दुसरं पॅनेल. १०० अँपवर तुमचं आत्ताचं घर आणि एक पूर्ण इलेक्ट्रिक एडीयू, म्हणजे मिनी स्प्लिट एसी, हीट पंप वॉटर हीटर, इंडक्शन, हे बसणं कठीण आहे. २०० अँप करायचं तर नुसतं पॅनेल बदलण्याचा खर्च फार मोठा नाही, प्रश्न वीज कंपनीकडून येणाऱ्या वायरचा असतो. तार वरून येत असेल तर बरंच सोपं, जमिनीखालून येत असेल तर कधीकधी पुढचं अंगण रस्त्यापर्यंत खणायला लागतं आणि वीज कंपनीच्या रांगेत महिनोन्महिने जातात, बांधकाम पूर्ण झालेलं आणि वीज नाही अशी घरं मी बघितली आहेत. त्यामुळे एडीयूचं नक्की झालं की पहिला अर्ज विजेचा टाका. आणि इलेक्ट्रिशियनला रीतसर लोड कॅल्क्युलेशन, म्हणजे एकूण किती वीज लागेल त्याचा हिशेब करायला सांगा, काही वेळा १२० व्होल्टचा वॉटर हीटर आणि लोड मॅनेजमेंटचं उपकरण लावून अपग्रेड टाळता येतं. गॅसची नवी लाईन मात्र टाकू नका, अजून एक ट्रेंच कशाला.

मग इझमेंट, म्हणजे तुमच्या जमिनीतली दुसऱ्यांच्या वापरासाठी, जसं वीज-पाण्याच्या लाईनसाठी, राखून ठेवलेली पट्टी. ही गोष्ट लोकांना फार उशिरा कळते. कॅलिफोर्नियाच्या कायद्याप्रमाणे मागच्या आणि बाजूच्या कुंपणापासून ४ फूट सोडलं की झालं, पण मागच्या कुंपणाला लागून युटिलिटी इझमेंट असेल तर त्यावर बांधता येत नाही, मग ४ फुटांचा नियम काहीही म्हणो. घर घेतलं तेव्हा टायटल रिपोर्ट (जागेच्या मालकीच्या नोंदींचा) मिळाला असेल, तो काढून वाचा.

माती पण बघायला हवी. आपल्या सांता क्लारा खोऱ्यात बऱ्याच ठिकाणी चिकणमाती आहे, उन्हाळ्यात आकसून भेगा पडतात आणि पावसाळ्यात फुगते, म्हणून इंजिनीअर फाउंडेशन जास्त खोल आणि जास्त सळई घालून देतो. सॉइल रिपोर्टला तीन-पाच हजार जातात, तिथे वाचवू नका. आणि तुमच्या घराच्या बाजूने मागे जायची वाट किती रुंद आहे? फाटक तीन फुटांचं असेल तर छोटं खोदायचं मशीनही जेमतेम जातं, काँक्रीट पंपाने न्यावं लागतं आणि माती घमेल्या-ढकलगाडीने बाहेर, आणि ही मजुरी कुठल्याच वेबसाइटवरच्या किमतीत नसते.

प्रीफॅबबद्दल तुम्ही विशेष विचारलंय. वस्तू चांगली असते, माझं काही वाकडं नाही, पण एक लाख साठ हजार ही कारखान्याच्या दारातली डब्याची किंमत आहे. त्यावर फाउंडेशन, सगळ्या ट्रेंच, पॅनेल, परमिट, वाहतूक आणि घरावरून डबा उचलून मागे ठेवायची क्रेन. रस्त्यावर विजेच्या तारा किंवा मोठी झाडं असतील तर क्रेनचं प्रकरण वाढतं. सगळं धरून तीन लाखांच्या आसपासच येतं, वाचतो तो मुख्यतः वेळ आणि अंगणातला गोंधळ. ज्यांना घरी लहान मुलं आहेत किंवा घरून काम आहे त्यांच्यासाठी हेही मोठं आहे.

परमिटच्या बाजूने मात्र आता परिस्थिती खूप चांगली आहे, आणि जुन्या ऐकीव गोष्टींवर विश्वास ठेवू नका. २०२० पासून लागू झालेल्या कायद्यांमुळे पूर्ण अर्ज आल्यावर शहराला ६० दिवसांत निर्णय द्यावा लागतो, शेजाऱ्यांची सुनावणी वगैरे नाही, ८०० फुटांपर्यंतचं एडीयू लॉट लहान आहे म्हणून शहर अडवू शकत नाही. ७५० फुटांपेक्षा लहान असेल तर इम्पॅक्ट फी (नव्या बांधकामाचा सोयींवर ताण पडतो म्हणून घेतात ती) माफ आहे, म्हणून तर सगळीकडे ७४०-७४९ फुटांचे प्लॅन दिसतात. ५०० फुटांच्या वर गेलात की शाळेची फी लागते, साधारण पाच डॉलर फुटाला, ती काही डोंगराएवढी नाही. शिवाय २०२५ पासून प्रत्येक शहराने आधीच मंजूर केलेले प्लॅन ठेवायचे असा राज्याचा कायदा आहे, तुमच्या शहराच्या वेबसाइटवर ते बघा, एखादा आवडला तर ड्रॉइंगचे आणि वेळेचे बरेच पैसे वाचतील. फक्त त्या प्लॅनमध्ये तुमची माती आणि तुमची ट्रेंच नसते, साइट प्लॅन आणि फाउंडेशनचं काम तुमचं तुम्हालाच करून घ्यावं लागतं.

आता कॉन्ट्रॅक्टर. यात मला खरंच कळकळीने सांगायचंय कारण आपल्या लोकांचे पैसे बुडालेले मी बघितलेत. कॅलिफोर्नियात अशा कामाला आगाऊ रक्कम १००० डॉलर किंवा कराराच्या १० टक्के, यातली जी कमी असेल तेवढीच घेता येते. म्हणजे तीन लाखांच्या कामाला हजार डॉलर. कोणी तीस हजार डिपॉझिट मागितलं, 'या महिन्यात दिलं तर डिस्काउंट' म्हणाला, तर तिथून उठा, तो कितीही गोड बोलत असला, देवळात भेटलेला असला किंवा आपल्याच गावचा असला तरी. पुढचे पैसे झालेल्या कामाचे, फाउंडेशनचं इन्स्पेक्शन पास झालं की, फ्रेमिंग झालं की, असे द्यायचे. आणि प्रत्येक हप्त्याला सबकॉन्ट्रॅक्टर आणि माल देणाऱ्यांकडून लीन रिलीज, म्हणजे घरावर आमचा दावा नाही असा कागद, सही करून घ्यायचं, कारण तुम्ही मुख्य कॉन्ट्रॅक्टरला पूर्ण पैसे दिले आणि त्याने लाकूडवाल्याला दिले नाहीत तर लाकूडवाला तुमच्या घरावर लीन टाकू शकतो. लायसन्स नंबर राज्याच्या बोर्डाच्या साइटवर दोन मिनिटांत तपासता येतो, वर्कर्स कॉम्पेन्सेशन इन्शुरन्स चालू आहे का तेही तिथेच दिसतं. आणि हातात १० ते १५ टक्के राखीव ठेवा, जुन्या घरात खणलं की काहीतरी निघतंच.

पैसे उभे करण्याबद्दल, तुमचं मॉर्गेज ३ टक्क्यांच्या आसपास आहे म्हणताय, तर कॅश-आऊट रिफायनान्स करून, म्हणजे जुन्याच्या जागी आजच्या दराने मोठं कर्ज घेऊन, ते घालवू नका. हेलॉक, म्हणजे घर तारण ठेवून लागेल तसे पैसे उचलायचं कर्ज, घ्या आणि जेवढे लागतील तेवढेच उचला. दीड लाखावर ८ टक्के धरले तरी महिन्याला हजार डॉलर नुसतं व्याज होतं, हे घरात बसून दोघांनी मिळून बोलून घ्या. प्रॉपर्टी टॅक्सची भीती मात्र काढून टाका, प्रॉप १३ या राज्याच्या प्रॉपर्टी टॅक्सच्या नियमामुळे मूळ घराचं मूल्य तसंच राहतं, फक्त नवीन बांधकामाचं मूल्य वर चढतं. तीन लाखांवर वर्षाला साडेतीन हजारांच्या आसपास.

आता तुमचं स्वतःचं. आई-बाबा व्हिजिटर व्हिसावर येणार, साधारण एका वेळी सहा महिने, म्हणजे उरलेले सहा महिने जागा रिकामी. तेव्हा फर्निश्ड करून इंटर्न किंवा ट्रॅव्हलिंग नर्सला तीन-चार महिन्यांसाठी द्यायचं असा विचार असेल तर चालतं, रात्रीच्या हिशेबाने भाड्याला बहुतेक शहरं देऊ देत नाहीत, ३० दिवसांपेक्षा जास्त असावं लागतं. पण तुम्हाला भाड्यात रस नाही आणि बजेट खरंच दोन लाख आहे, तर माझं प्रामाणिक मत, बॅकयार्ड सोडा आणि गॅरेज बघा. जुन्या घरांतली दोन गाड्यांची गॅरेज साधारण ४०० फुटांची असते, छप्पर आहे, खाली काँक्रीटचा स्लॅब आहे, सिव्हर आणि पॅनेल बहुधा जवळ आहे, आणि गॅरेज काढल्याबद्दल दुसरं पार्किंग करून द्या असं शहर म्हणू शकत नाही. घराला जोडलेली असेल तर ज्युनियर एडीयू म्हणूनही करता येतं, ५०० फुटांपर्यंत, छोटं किचन, आणि मालकाने त्याच घरात राहायचं ही अट आता फक्त बाथरूम मुख्य घराशी सामाईक असेल तरच आहे, तुम्हाला तीही अडचणीची नाही. यातही स्लॅब दाराकडे उतरता असतो तो समतल करणं, त्याखाली ओल अडवणारा थर नसतो त्याची सोय, दाराच्या जागी नवीन भिंत आणि तिचा पाया, सगळं इन्सुलेशन, हे करावं लागतं. सव्वा ते पावणेदोन लाखांत बाथरूमसकट चांगलं होतं. सामान ठेवायला मागे एक शेड घ्या.

आणि गॅरेज करा नाहीतर बॅकयार्ड, भिंती उघड्या असताना काही गोष्टी करून घ्या, तेव्हा त्या फुकटासारख्या होतात. शॉवर आणि कमोडच्या भिंतीत तीन फुटांच्या आसपास उंचीला आडवी लाकडं, आज हँडल लावलं नाही तरी पाच वर्षांनी लागेल तेव्हा ते ड्रायवॉलला नाही, लाकडाला बसेल. शॉवरला उंबरठा नको. दार तीन फुटांचं. चुलीवरचा हूड डक्टने बाहेर काढलेला, हवा फिल्टरमधून परत आत सोडणारा अजिबात नको, रोजच्या फोडणीला चारशे फुटांच्या बंद घरात तो पुरत नाही. मुख्य घराच्या किचनच्या दारापासून त्यांच्या दारापर्यंत पायरी नसलेली वाट आणि त्यावर सेन्सरचा दिवा, कारण चहाला ते सकाळी साडेपाचला तुमच्याकडे येणार.

पॅनेलच्या दाराच्या आतला फोटो, क्लीनआऊट कुठे आहे आणि गॅरेज घराला जोडलेली आहे की सुटी, एवढं बघून सांगा, मग कुठला पर्याय किती लाखांत बसेल ते अजून नेमकं सांगता येईल.