अमेरिकेत अमिश (आधुनिक राहणीपासून दूर राहणारा ख्रिस्ती पंथ) मुलांना आठवीनंतर शाळा सोडायची मुभा कशी?

१९७२ च्या ‘विस्कॉन्सिन विरुद्ध योडर’ निकालामुळे. विस्कॉन्सिन राज्यात १६ वर्षांपर्यंत शाळा सक्तीची होती. तीन अमिश पालकांनी आठवीनंतर मुलांना हायस्कूलला पाठवलं नाही, म्हणून प्रत्येकी ५ डॉलर दंड झाला. सुप्रीम कोर्टाने धर्मस्वातंत्र्याच्या बाजूने कौल दिला: मुलं आठवीपर्यंत शिकतात, पुढे शेती-घरकाम घरीच शिकतात, आणखी एक-दोन वर्षांच्या सक्तीने फारसं काही साधत नाही.

मला मात्र याच खटल्यात अंशतः वेगळं मत नोंदवणारे न्यायमूर्ती डग्लस यांचं म्हणणं जास्त पटतं. मुलांना कुणी विचारलं का? साक्ष एकाच, पंधरा वर्षांच्या मुलीची झाली होती. एखाद्याला पियानोवादक किंवा अंतराळवीर व्हायचं असेल तर, असं त्यांनी लिहिलं. आठवीवर थांबलेल्या मुलाला तो रस्ता पुन्हा धरणं फार कठीण जातं.