एलईडी बल्ब टाकले आणि डॅशबोर्ड ओरडायला लागला

प्रश्न: गाडीच्या इंडिकेटरला आणि पार्किंग लाइटला एलईडी टाकले. उजेड मस्त आहे, पण इंडिकेटर दुप्पट स्पीडने टिकटिक करतोय आणि 'बल्ब गेला' अशी वॉर्निंग येतेय. बल्बच खराब आलेत का?

उत्तर: नाही हो, बल्ब ठणठणीत आहेत, गाडीचीच गफलत होतेय. इंडिकेटरचा जुना बल्ब २१ वॅटचा, म्हणजे १२ व्होल्टला पावणेदोन अँपिअरच्या आसपास करंट खेचणारा, आणि एलईडी त्याच्या मानाने अगदी थोडाच खेचतो, त्यामुळे गाडीला वाटतं की फिलामेंट तुटली.

पार्किंगसाठी 'कॅनबस' लिहिलेले बल्ब घ्या, त्यांच्यात जादा लोड, म्हणजे जुन्या बल्बसारखा करंट खेचणारा भाग, आतच बसवलेला असतो (नुसतं पाकिटावर छापलेलं असतं असेही निघतात, म्हणून आधी एकच घेऊन बघा). इंडिकेटरला मात्र ६ ओहम ५० वॅटचा रेझिस्टर (जादा करंट खेचणारा पार्ट) बल्बला पॅरलल, म्हणजे बल्बच्याच दोन वायरींमध्ये, जोडावा लागतो. तो चांगलाच तापतो, हात भाजेल इतका, त्यामुळे प्लॅस्टिकला किंवा वायरिंगला चिकटवून ठेवायचा नाही, बॉडीच्या पत्र्यावर स्क्रूने घट्ट बसवायचा, डबल टेपच्या भानगडीत तर पडूच नका. गाडीत वेगळा फ्लॅशर रिले (इंडिकेटरची उघडझाप करणारा स्विच) असेल तर एलईडीवाला रिले टाकून मोकळे व्हा, टिकटिक नॉर्मल होते आणि रेझिस्टरची गरजच उरत नाही, पण नव्या गाड्यांत हे काम बहुतेक वेळा कंट्रोल मॉड्यूलच (गाडीचा कॉम्प्युटर) करतं, तिथे हा उपाय चालत नाही.

आणि एखादा बल्ब पेटलाच नाही तर फेकू नका, उलटा फिरवून लावा, एलईडीला प्लस-मायनस असतं.