परवा, घटिका आणि खोडदच्या तबकड्या

परग्रहावर हुशार जीव असतील तर त्यांना काळाची कल्पना लागेलच का, की काळ ही माणसाच्या मेंदूची खोड आहे, असं तुम्ही विचारलंत. मला वाटतं यात पंचांग, क्रम आणि मोजमाप यांची खिचडी झालीय.

पंचांग सोडा, ते ज्याच्या त्याच्या आकाशाचं. ट्रॅपिस्ट-१ हा तारा सुमारे ४० प्रकाशवर्षांवर आहे. त्याचे सात ग्रह बहुधा एकच बाजू ताऱ्याकडे ठेवून फिरतात. म्हणजे इकडे कायमची दुपार, तिकडे कायमची रात्र. तिथे 'उद्या' हा शब्द कशाला जन्माला येईल? आपला 'परवा' तरी कुठे धड आहे! परवा गेलो होतो, परवा जाणार आहे. दिशा क्रियापदाने सांगायची. पण 'गेलो' आणि 'जाणार' यातला फरक सोडता येत नाही. आधी विस्तव, मग चटका. हा क्रम ज्याला धरता येत नाही तो शिकणार काय?

मोजमापाचं कोडं मला सुटलं ते नारायणगावजवळ, खोडदला. तिथली जीएमआरटी ही आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणारी दुर्बीण विज्ञान दिनाच्या सुमारास लोकांना बघायला खुली असते, तेव्हा पुण्याहून गेलो होतो. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या, टोकाच्या एकमेकींपासून २५ किलोमीटर लांब. आकाशातली लहर एकीला आधी गाठते, दुसरीला नंतर. २५ किलोमीटर तोडायला तिला फार तर ८३ मायक्रोसेकंद लागतात, पण तेवढा उशीर हिशोबात धरल्याशिवाय तीस तबकड्यांची एक दुर्बीण होत नाही. मुळात रेडिओची वारंवारता म्हणजेच ठरावीक वेळात किती हेलकावे. तेव्हा ज्यांची हाक आपल्याला ऐकू येईल, त्यांच्याकडे घड्याळ असणारच. समुद्रतळाशी घड्याळावाचून सुखात राहणारे शहाणे जीव असतीलही, पण ते आपल्याला कळायचे नाहीत.

एकक मात्र त्यांचं वेगळं. आपणही लग्नमुहूर्ताला भोकाचं घटिकापात्र पाण्यात बुडायची वाट बघत होतोच, २४ मिनिटांची एक घटिका. १९७२ साली पायोनियर-१० या अंतराळयानावर परग्रहवासीयांसाठी पाटी लावली तेव्हा त्यावर सेकंद लिहिला नाही, हायड्रोजन अणूच्या लहरीचा सुमारे ०.७ नॅनोसेकंदांचा हेलकावा एकक म्हणून दिला. हायड्रोजन सगळ्यांकडे सारखाच.

काळ 'वाहतो' असं त्यांना वाटेलच, हे मात्र मी छातीठोक सांगणार नाही. सापेक्षता सिद्धांतात सगळ्या विश्वाला लागू पडेल असं एकच 'आत्ता' नाहीच.