बाबांची झूम आणि नवी पन्नास

प्रश्न : बाबा इंदुरातल्या मराठी नाटकांचे, गणेशोत्सवाचे फोटो काढायचे. त्यांची निकॉनची ३५-७० एमएम, एफ २.८ झूम आता माझ्याकडे आहे. मी निकॉनचा डी५६०० कॅमेरा वापरते, नुकतीच ५० एमएम एफ १.८जी लेन्स घेतली. जुन्या लेन्सला ऑटोफोकस चालत नाही आणि रात्री सराफ्यात, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, दिव्यांभोवती धूसर वलय येतं. दुकानदार म्हणतो, देऊन टाका. काय करू?
– एक वाचक, रामबाग, इंदूर

उत्तर : एवढ्यात देऊ नका. ऑटोफोकसची तक्रार तर लेन्सची नाहीच. १९८७ मध्ये आलेल्या या लेन्समध्ये मोटर नसते, बॉडीतली, म्हणजे कॅमेऱ्यातली, मोटर तिला फिरवते, आणि ती डी५६०० मध्ये नाही. ती मोटर असलेल्या, एखाद्या मित्राच्या डी७२०० वर लावून बघा, फोकस लगेच होईल. तुमच्या बॉडीवर हातानं फोकस करा. व्ह्यूफाइंडरमधला हिरवा ठिपका स्थिर झाला की जमलं. अ‍ॅपर्चरची, म्हणजे प्रकाश आत सोडणाऱ्या छिद्राची, रिंग मात्र नारिंगी २२ वर आणून लॉक करा, नाहीतर कॅमेरा फोटोच घेणार नाही.

वलयाचं प्रकरण गंभीर आहे. अंधाऱ्या खोलीत लेन्सच्या मागून टॉर्च मारा आणि पुढून तिरकं बघा. आत पांढुरकं धुकं दिसलं, तर कॉन्ट्रास्ट तिथेच मरतोय. या मॉडेलमध्ये हे बरेचदा आढळतं. थर काचेच्या पृष्ठभागावर असेल तर चांगला कारागीर लेन्स उघडून साफ करतो. चिकटवलेल्या दोन काचांच्या मध्ये असेल तर साफसफाईनं जात नाही.

सराफ्यासाठी नवी पन्नासच न्या, यात मला शंका नाही. एफचा आकडा लहान तितकं छिद्र मोठं; १.८ वर २.८ च्या जवळजवळ अडीचपट प्रकाश आत येतो. जिथे झूम १/६० सेकंदाचा शटर मागते, तिथे पन्नास १/१५० देते, आणि कढईवर चालणारा हात गोठतो. शिवाय वजन १८५ ग्रॅम. बाबांची ६६५ च्या आसपास. पण दीड मीटरवरून १.८ ला फोकसमध्ये राहणारी खोली जेमतेम सहा-सात सेंटिमीटर. गराडू (एक कंद) तळणाऱ्याचा चेहरा हवा असेल तर फोकसचा बिंदू डोळ्यावरच ठेवा. आणि तुमच्या सेन्सरवर पन्नासची चौकट ७५ एमएमसारखी दिसते. गर्दीत मागं सरकायला जागा नसते, हे धरून चला.

नाटकाला मात्र मी बाबांचीच लेन्स नेईन. प्रयोग चालू असताना जागा सोडून फिरणं म्हणजे प्रेक्षकांचा आणि नटांचा अपमान; माझं याबाबतीत मत पक्कं आहे. तिथे बसल्या जागी संपूर्ण प्रवेशावरून एका चेहऱ्याकडे जाता येणं, हे कुठलीही प्राइम, म्हणजे झूम न होणारी लेन्स, देऊ शकत नाही. आठ मीटरवरून ७० एमएमला, २.८ वरसुद्धा जवळजवळ दीड मीटर खोली फोकसमध्ये असते, म्हणून हातानं फोकस करणंही जड जात नाही. नट रंगमंचाच्या पुढे-मागे किती येतो ते तालमीत बघून ठेवा. रंगमंचावर उजेड पुरेसा असतो. आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता, १६०० पर्यंत वाढवली तरी डी५६०० नीट साथ देतो.

हे सगळं अर्थात लेन्समधलं धुकं निघालं तरच. मागून येणाऱ्या स्पॉटलाइटपुढे धुकं असलेली लेन्स नाटकालाही चालणार नाही. कारागिरानं हात टेकले, तर विका, पण घेणाऱ्याला दोष आधी दाखवा.